पेटी उघडण्याआधी
लाकडी जहाजांच्या प्रतिकृतींकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना

29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रात ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी फ्रिगेट युद्धनौकेने ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट लढाईत निकामी केली. नंतर ती जाळून टाकण्यात आली. जावा मुंबईकडे निघाली होती आणि मुंबईच्या गोदीत बांधायच्या एका नव्या जहाजाचे आराखडे तिच्यावर होते. तेही गेले. आराखड्यांची दुसरी प्रत पाठवावी लागली आणि मग जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली ते जहाज सागवानात उभे राहिले. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ते पाण्यात उतरले. त्याचे नाव ‘ट्रिंकोमाली’. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ते आजही तरंगते आहे आणि पाण्यावर असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत त्याच्याइतके जुने दुसरे नाही. कॉन्स्टिट्यूशनही बोस्टनमध्ये शाबूत आहे. प्रतिकृतींच्या दुनियेत तर ती फारच लोकप्रिय. तिचे किट जुळवणाऱ्या मराठी माणसाला आपल्या टेबलावरच्या जहाजाचा मुंबईच्या गोदीशी असा संबंध असल्याची सहसा कल्पना नसते.

जावाबरोबर गेलेल्या त्या कागदांपासूनच सुरुवात करण्याचे कारण आहे. या विषयात नवे असलेले वाचक पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतात : कोणते किट घेऊ? त्यांना उत्तर हवे असते ते एखाद्या कंपनीच्या नावाचे. माझे उत्तर वेगळे असते आणि त्यामुळे बहुतेकांची थोडी निराशा होते. किट घेताना आपण लाकूड विकत घेत नसतो, आराखडा विकत घेत असतो. लाकूड बदलता येते, दोरा बदलता येतो, पितळी तोफा दुसरीकडून मागवता येतात. मुळात ज्याने कुणी ते जहाज कागदावर उतरवले त्याने कशाच्या आधारे उतरवले, हे मात्र पेटी घरी आल्यावर बदलता येत नाही.

प्रतिकृती आणि आराखडा यांचे नाते जुने आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजी आरमारासाठी बनलेल्या अधिकृत प्रतिकृती ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात आहेत. त्यांतल्या अनेकींच्या खालच्या भागावर फळ्या मारलेल्याच नाहीत. आतल्या फासळ्या उघड्या दिसतात आणि जहाज बांधतात कसे हे समोर उभे राहते. त्यांचे प्रमाण बहुतेकदा 1:48, म्हणजे खऱ्या जहाजाच्या एका फुटाला पाव इंच. आजच्या किट्समध्ये हे प्रमाण टिकून आहे त्याची मुळे इथे आहेत.

दुसरी परंपरा कैद्यांची. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमध्ये नॉर्मन क्रॉसच्या छावणीत डांबलेल्या फ्रेंच युद्धकैद्यांनी जेवणातून उरलेल्या हाडांपासून जहाजे कोरली आणि विकली. पीटरबरोच्या संग्रहालयात ती पाहायला मिळतात. देखणी आहेत, पण बरीचशी आठवणीतून केलेली असल्याने मोजमापाला त्यांचा भरवसा धरता येत नाही. आणि तिसरा नमुना पुन्हा कॉन्स्टिट्यूशनचाच. तिच्या खलाशांनी बनवलेली प्रतिकृती कप्तान आयझॅक हल याने 1813 मध्ये सेलमच्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीला दिली. 1812 साली ते जहाज नेमके कसे दिसत होते, हे ठरवताना अभ्यासक आजही त्या प्रतिकृतीकडे जातात. कारागिरी डोळ्यांत भरते ती हाडाच्या जहाजांची, पुरावा म्हणून उपयोगी पडते ती खलाशांची प्रतिकृती. किट निवडणाऱ्याने हा फरक मनात ठेवावा.

पेटीत भरून विकायच्या किटचा धंदा त्या मानाने अलीकडचा. अमेरिकेत ब्लूजॅकेट 1905 पासूनची आणि मॉडेल शिपवेज 1946 पासूनची. डेन्मार्कच्या बिलिंग बोट्सची स्थापना 1958 मधली. पुढे इटलीच्या अमाती, कोरेल, मांतुआ आणि स्पेनच्या आर्तेसानिया लातिना, ऑक्रे अशी नावे आली. इंग्लंडमध्ये काल्डरक्राफ्ट होतेच, आता व्हॅनगार्ड मॉडेल्स आहे. लेझरने लाकूड कापण्याचे तंत्र रुळल्यापासून भाग केसाच्या फरकाने नेमके बसू लागले आणि जुन्या किट्समध्ये असायचे ते तासकाम पुष्कळ कमी झाले. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचे किट आणि कालचे किट यांची तुलना केवळ चित्रावरून करू नये.

आता आत काय असते ते पाहू. आज मिळणारी बहुसंख्य किट्स एकाच पद्धतीची असतात. प्लायवूडचा एक लांब सपाट कणा, त्यात खाचा आणि खाचांत आडव्या बसणाऱ्या प्लायवूडच्याच आठ-पंधरा पाट्या. प्रत्येक पाटीचा आकार म्हणजे त्या जागी जहाज आडवे कापले तर दिसेल तो आकार. या सांगाड्यावर लांब पट्ट्या चिकटवत गेले की जहाजाचे अंग तयार होते. बहुतेक उत्पादक हे दोन थरांत करायला सांगतात : खाली बासवूड किंवा लाइमवूडचा दीड-दोन मिलीमीटरचा थर आणि वर अक्रोड किंवा पेअरवूडचा पातळ थर. पहिला थर चुकला तरी घासून, लांबी (पुट्टी) भरून झाकता येतो. ही सवलत नवशिक्यासाठी मोलाची आहे. एकाच थराचे किट सुंदर दिसते, पण ते चूक माफ करत नाही.

खरे कौशल्य पट्टी निमुळती करण्यात आहे आणि इथेच बहुतेकांचे पहिले जहाज फसते. समजा, मधल्या पाटीवर कण्यापासून काठापर्यंतचे अंतर 100 मिलीमीटर आहे आणि पट्टी 5 मिलीमीटर रुंद आहे. म्हणजे वीस पट्ट्या लागतील. पण नाळेजवळ, जहाजाच्या पुढच्या टोकाशी, तेच अंतर भरते 60 मिलीमीटर. वीसच्या वीस पट्ट्या तिथे बसवायच्या तर प्रत्येक पट्टी पुढे 3 मिलीमीटरपर्यंत उतरती केली पाहिजे. हे न करता पट्ट्या सरळ रेटल्या तर त्या एकमेकींवर चढतात, उकलतात आणि मग लांबीचे लिंपण सुरू होते. मागच्या टोकाला उलट होते. तिथे काही जहाजांत अंतर वाढते आणि पाचरीसारखे जादा तुकडे घालावे लागतात. पट्टी घेण्याआधी प्रत्येक पाटीच्या कडा जहाजाच्या वळणाप्रमाणे तिरप्या घासाव्या लागतात, तेही उत्साहाच्या भरात राहून जाते. पट्ट्या मारायच्या त्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने. एका बाजूच्या सगळ्या पट्ट्या आधी मारल्या तर कणा त्या बाजूला खेचला जातो आणि मग जहाज जन्मभर वाकडे राहते.

हे गणित कळले की जहाज निवडायची दृष्टी बदलते. दुकानात आपण तोफा मोजतो, शिडे मोजतो. पाहायला हवे ते नाळेचे वळण. दर्यावर्दी जेम्स कुकचे ‘एन्डेव्हर’ हे मुळात व्हिटबीला बांधलेले कोळसावाहू जहाज. त्याची नाळ गोलमटोल, पोट सपाट. कुकला उथळ पाण्यात त्याचा उपयोग झाला, पण प्रतिकृती करणाऱ्याला प्रत्येक पट्टी भिजवून, गरम करून जवळजवळ काटकोनात वळवावी लागते. ‘बाउंटी’चेही तसेच. उलट 1869 चे ‘कटी सार्क’ हे चहा वाहून नेणारे वेगवान क्लिपर जहाज सडपातळ आहे. त्याच्या पट्ट्या सहज बसतात, पण तीन उंच डोलकाठ्यांवरचा दोरांचा पसारा पाहिला की आधीचा आनंद ओसरतो.

म्हणून पहिल्या जहाजासाठी माझा कौल लहान होडीला. मॉडेल शिपवेजसाठी डेव्हिड अँटशेर्ल यांनी शिकवण्याच्या हेतूने तीन किट्सची एक मालिका रचली आहे : लॉवेलची डोरी, नॉर्वेची प्रॅम आणि मस्कोंगस बेची शेवंड पकडणारी होडी. पहिली आणि तिसरी 1:24 प्रमाणात, मधली 1:12 मध्ये. या क्रमाने केल्या तर एकेक कौशल्य हाताला लागते. ज्यांना इतिहास हवा त्यांच्यासाठी बाउंटीची मोठी होडी आहे. 1789 मध्ये बाउंटीवरच्या बंडखोर खलाशांनी कप्तान ब्लाय आणि त्याच्या 18 सोबत्यांना 23 फुटी उघड्या होडीत सोडून दिले आणि तो साडेतीन हजार सागरी मैलांहून जास्त अंतर कापून तिमोरला पोहोचला. 1:16 प्रमाणात ही होडी सुमारे 44 सेंटिमीटर भरते. तिच्यात तोफा नाहीत, मजले नाहीत. आतल्या फासळ्या आणि बसायच्या आडव्या फळ्या मात्र डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे वाईट काम लपत नाही. ज्यांना डेक आणि एक तरी डोलकाठी हवीच असते त्यांनी अमातीची ‘लेडी नेल्सन’ किंवा व्हॅनगार्डच्या 1:64 मधल्या मासेमारी होड्या पाहाव्यात.

आणि ‘व्हिक्टरी’? ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या या जहाजाशिवाय ज्यांना काहीच नको असते असे लोक मला नेहमी भेटतात. 104 तोफा, 37 शिडे आणि खऱ्या जहाजावर सुमारे 26 मैलांचे दोरखंड. प्रतिकृतीवरही हजारो गाठी हाताने माराव्या लागतात आणि काम हजार तासांच्या पुढे सहज जाते. तिसरे किंवा चौथे जहाज म्हणून ते अवश्य करावे. पहिले म्हणून घेतलेल्या व्हिक्टरीचा सांगाडा शेवटी माळ्यावर जातो, हे माझे मत कठोर वाटले तरी मी बदलणार नाही.

व्हिक्टरीच्या निमित्ताने एक खोल मुद्दा येतो : जहाज कोणत्या वर्षीचे? व्हिक्टरी चॅथमला पाण्यात उतरली 1765 मध्ये. तेव्हा तिच्या मागच्या बाजूला उघडे सज्जे होते. 1800 ते 1803 च्या मोठ्या दुरुस्तीत ते बंद झाले. ट्रॅफल्गारच्या लढाईत 1805 मध्ये लढली ती ही बदललेली व्हिक्टरी. रंगाचेही तसेच. जुन्या पेट्यांवर ती भडक पिवळी दिसते, पण रंगांच्या जुन्या थरांचा अभ्यास करून 2015 मध्ये पोर्ट्समथला तिला फिकट छटा देण्यात आली. स्वीडनच्या ‘व्हासा’ची कहाणी आणखी बोलकी आहे. 10 ऑगस्ट 1628 रोजी पहिल्याच सफरीत ती स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली आणि 1961 मध्ये वर काढली गेली. तिच्या मागच्या भागावरील शिल्पांची पार्श्वभूमी निळी असावी असा आधी समज होता. पुढे रंगांचे सूक्ष्म अवशेष तपासल्यावर ती लाल ठरली. निळी व्हासा करायला सांगणारे किट आजही कुठे मिळाले तर ते त्या संशोधनाच्या आधीचे, हे ओळखून घ्यावे.

कोलंबसच्या ‘सांता मारिया’चा तर आराखडाच उरलेला नाही. 1492 च्या नाताळात ती हिस्पानिओलाच्या किनाऱ्यावर रुतली आणि तिथेच संपली. बाजारातली प्रत्येक सांता मारिया म्हणजे कुणा अभ्यासकाचा, नाहीतर कुणा विक्रेत्याचा, तर्क. तर्क असायला हरकत नाही. तो तर्क आहे असे पेटीवर लिहिलेले नसते, ही हरकत आहे. म्हणून किट घेण्याआधी उत्पादकाने आधार कोणता सांगितला आहे ते शोधावे. ग्रीनिचमध्ये जपलेल्या मूळ आराखड्याचा उल्लेख असेल तर अर्धे काम झाले. बहुतेक चांगले उत्पादक सूचनापुस्तिका आधीच वाचायला देतात. ती पैसे भरण्यापूर्वी वाचावी. पट्ट्यांच्या कामाला ज्या पुस्तिकेत दोनच परिच्छेद दिले असतील ते किट नवशिक्याने घेऊ नये.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. साडेपाच फुटी माणूस 1:64 मध्ये 26 मिलीमीटरचा होतो, 1:96 मध्ये साडेसतरा मिलीमीटरचा. कागदाचा एवढा माणूस कापून मनातल्या मनात डेकवर उभा करा, म्हणजे सुकाणूचे चाक किंवा शिडीची पायरी आपल्या बोटांना किती बारीक करावी लागेल याचा अंदाज येतो. लहान प्रमाण सोपे, हा गैरसमज आहे. जहाज लहान निवडावे, प्रमाण मोठे. जागेचा हिशेब करताना डोलकाठ्यांची उंची आणि नाळेपुढे झेपावलेली काठी धरावी, शिवाय काचेची पेटी.

लाकडाच्या बाबतीत परदेशी पुस्तके सांगत नाहीत ते आपल्याला पावसाळा शिकवतो. मुंबई, कोकण, गोव्यात जुलैत मारलेल्या पट्ट्या ओल धरून रुंद झालेल्या असतात. हिवाळ्यात त्या आकसतात आणि त्यांच्यामध्ये रेघा पडतात. लाकूड फुगते ते रेषांना आडवे, लांबीच्या दिशेने नगण्य. म्हणून अंगाचे काम शक्यतो दिवाळीनंतर घ्यावे आणि पावसाळा डोलकाठ्या घासण्याला द्यावा. सुती दोऱ्याचा ताण हवेतल्या ओलीने बदलतो, पॉलिएस्टरचा कमी बदलतो. जुन्या किट्समधले शिशाचे ओतीव भाग टाळावेत. बंद पेटीत लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी शिशाची पांढरी भुकटी होते आणि मोठमोठ्या संग्रहालयांनाही हा त्रास चुकलेला नाही. सागाचा मोह आपल्याला होणारच, पण या आकाराला त्याच्या रेषा फार मोठ्या दिसतात. देशी लाकूड वापरायचे तर हेदू घ्यावा : पिवळसर, बारीक पोताचा, युरोपीय बॉक्सवूडच्या जवळ जाणारा.

किमतीचे दुखणे खरे आहे. लाकडी किट आयातीत खेळण्यांच्या वर्गात मोडते आणि खेळण्यांवरचे मूळ शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर नेण्यात आले. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर पाहावा आणि टपालखर्च धरूनच किंमत मोजावी. नामवंत किटच्या निम्म्या-पाव किमतीत, निर्मात्याचे नाव नसलेल्या पेट्या ऑनलाइन मिळतात. त्यांतल्या पुष्कळ दुसऱ्याच्या आराखड्याच्या चोरट्या नकला असतात. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी नकलेची नक्कल करताना मापे सरकतात, सूचना गळतात आणि भाग कमी पडला तर दाद कुणाकडे मागायची हेही कळत नाही.

इथपर्यंत आलेला मराठी वाचक एक प्रश्न हमखास विचारतो : आपली जहाजे कुठे आहेत? शिवकाळातली गुराबे आणि गलबते, आंग्र्यांचे आरमार? मोठ्या युरोपीय उत्पादकांनी त्यांना हात लावलेला नाही आणि दोष त्यांचा एकट्याचा नाही. बखरींत आणि पत्रांत जहाजांची संख्या सापडते, तोफांची संख्या सापडते. बांधणाऱ्याला लागते ती फासळ्यांची वळणे. आपल्या सुतारांनी जहाजे नजरेने आणि हाताच्या मापाने बांधली, कागद मागे ठेवला नाही. केवळ चित्रावरून जहाज उभे करायचे तर काय लागते, हे ‘कौंडिण्य’ने नुकतेच दाखवले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावर आधारलेली ही शिवलेली नौका गोव्यात बांधली गेली आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाली. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याने शिवलेल्या. पण चित्रात जहाज एकाच बाजूने दिसते, म्हणून ते पाण्यात कसे वागेल हे ताडण्यासाठी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने आधी प्रतिकृतीवर चाचण्या कराव्या लागल्या.

कागद अगदीच नाही असेही नाही. फ्रेंच नौदल अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारी याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर फिरताना युरोपाबाहेरची जहाजे मोजून काढली. त्यांत मुंबईकडची फत्तेमारीही आहे. 1920 मध्ये जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय होड्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. ज्याला किटच्या पलीकडे जायचे आहे त्याने फत्तेमारी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. दोन डोलकाठ्या, तिरकी शिडे, पुढे झेपावणारी लांब नाळ, आणि दोरांचा पसारा व्हिक्टरीच्या मानाने काहीच नाही.

आणि एक विनंती. कोकणच्या खाड्यांत फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी बांधणारे कारागीर झपाट्याने कमी होत आहेत. त्यांची मापे त्यांच्या हातात आहेत, कागदावर नाहीत. आपले पहिले किट पूर्ण केलेल्या वाचकाला फासळी म्हणजे काय आणि ती कुठे मोजायची हे कळलेले असते. त्याने मोजपट्टी, ओळंबा आणि वही घेऊन एखाद्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या मचव्यापाशी जावे. मालकाची परवानगी घ्यावी, दर दोन फुटांवर आडवी मापे घ्यावीत, बांधणाऱ्याचे नाव विचारून लिहावे आणि तो आराखडा जवळच्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्यावा. पुढचे किट त्यावरून निघू शकेल.